खापरांनी सावरलेले गाव
पोर्तुगालमधील मेर्तोला येथे एका दिवसाचा फेरफटका

पोर्तुगालला जाणारा आपला माणूस बहुधा लिस्बन पाहून परततो. तो व्यापारी किंवा कारागीर असेल, तर त्याने एक दिवस हाताशी ठेवून दक्षिणेकडील मेर्तोला हे छोटे गाव अवश्य पाहावे. बेजा शहरापासून ते सुमारे 50 किलोमीटरवर आहे. सकाळी मोटारीने निघाले की संध्याकाळी आरामात परतता येते.

खाली ग्वादियाना नदी, वर किल्ला आणि मध्ये उतारावर पांढरी घरे, असे हे गाव आहे. समुद्र येथून सुमारे 70 किलोमीटर दूर. तरी भरतीचे पाणी येथवर चढते. त्यामुळे पूर्वी गलबते गावाच्या पायथ्याशी लागत. पुढे नदी खडकाळ असल्याने माल येथेच उतरवावा लागे. आसपासचे धान्य आणि खाणींतील धातू येथूनच बाहेर जात. रोमन काळात या बंदराला मिर्तिलिस म्हणत, अरबांनी त्याला मार्तुला म्हटले. आठव्या शतकापासून इ.स. 1238 पर्यंत येथे मुसलमानांची सत्ता होती.

त्या काळाची सर्वांत मोठी खूण म्हणजे गावातील चर्च. बाराव्या शतकात बांधलेली ही मशीद 1238 नंतर चर्च झाली. छप्पर बदलले, पण वेदीमागचा मिहराब आणि घोड्याच्या नालेसारख्या कमानींचे दरवाजे अजून उभे आहेत. जवळच किल्ल्याच्या बाजूला उत्खननात मुसलमानांची वस्ती सापडली. मध्ये अंगण, भोवती खोल्या आणि सांडपाण्याची सोय अशी ती घरे होती.

व्यापाऱ्याने येथे दुकानांच्या पाट्याही वाचाव्यात. पोर्तुगीज भाषेत शिंप्याला ‘अल्फायात’ म्हणतात, तो अरबी ‘अल-खय्यात’. गोदामाचे ‘आर्माझें’ हे ‘अल-मखजन’वरून आले आणि कस्टम कचेरीचे ‘अल्फांदेगा’ हे ‘अल-फुंदुक’वरून. आपण बाजारात रोज वापरतो तो ‘लिलाव’ शब्दही पोर्तुगिजांकडूनच मराठीत आला आणि त्यांनी तो अरबीतून घेतला होता. सत्ता गेली तरी धंद्याची बोली राहिली.

पण गावाची रोजी राहिली नाही. नदीवरचा व्यापार ओसरला. जवळची साओ दोमिंगूस येथील तांब्याची मोठी खाण 1966 साली बंद पडली. कामासाठी माणसे शहरांत आणि परदेशांत गेली. जमिनीत पुरलेल्या जुन्या खापरांखेरीज गावाकडे विकण्यासारखे काही उरले नाही, असे वाटावे अशी अवस्था झाली.

त्या खापरांनीच गाव सावरले. 1978 मध्ये क्लाउदिओ तोरेस या इतिहासाच्या प्राध्यापकाने येथे उत्खनन सुरू केले. सापडलेली भांडी राजधानीच्या संग्रहालयाला न देता गावातच ठेवायची, असे धोरण ठरले. एकच मोठी इमारत न बांधता गावात जागोजागी लहान दालने केली. पाहुण्याला एक दालन पाहून दुसऱ्याकडे चालत जावे लागते आणि वाटेत खानावळी व दुकाने लागतात. मुसलमानी काळातील रंगीत, चमकदार मुलाम्याच्या भांड्यांचे दालन तर जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे.

कारागिरांनी विणकामाची कार्यशाळा चुकवू नये. मेंढीच्या लोकरीची जाड घोंगडी येथे लाकडी हातमागावर विणतात. त्यांवरची चौकटी-त्रिकोणांची नक्षी उत्तर आफ्रिकेच्या विणकामाशी मिळतीजुळती आहे. स्त्रियांनी हे हुनर टिकवले. मात्र शिकणारे हात आता फार थोडे आहेत. एका घोंगडीला दिवसच्या दिवस लागतात आणि गिऱ्हाईक किंमत मात्र गिरणीच्या मालाशी ताडून पाहते.

2001 पासून साधारण दर दोन वर्षांनी येथे इस्लामी महोत्सव भरतो. गल्ल्यांवर कापडी छत टाकतात, मोरोक्कोसारख्या देशांतून व्यापारी येतात आणि कातडी वस्तू, मसाले, पितळी काम विकले जाते. गर्दी मोठी होते. पण जत्रा चार दिवसांची, पोट बारा महिन्यांचे. परगावच्या व्यापाऱ्याने आणलेला माल विकून नफा त्याच्याबरोबरच जातो; गावाच्या मागावर विणलेल्या घोंगडीचा पैसा मात्र गावात राहतो. 

आपल्या कारागीर बंधूंनी यातून एवढे तरी घ्यावे. वडिलांचा जुना माग, ठसे, नमुन्यांचे कागद भंगारवाल्याला देण्याआधी थोडे थांबावे. कोणती वस्तू कोणी, कोठे, कशी केली याची नोंद करून ठेवावी आणि घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला ते काम शिकवावे. मेर्तोलाची खापरे सातशे वर्षे मातीत राहिली तरी कामी आली. हुनर मात्र जमिनीत पुरून ठेवता येत नाही. ते हातांतून गेले की गेलेच.