डिस्कची साफसफाई आणि स्मृतींची राखण

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या घरांत वेगळ्या अर्थाने कोरलेली आहे. २०२५ साली त्याच दिवशी एक साधी तांत्रिक घटनाही घडली. विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. त्यामुळे अमेरिकेतील आपल्या अनेक घरांत नवे संगणक येत आहेत आणि जुने तळघरात, गराजमध्ये किंवा दानपेटीत जात आहेत. जुना संगणक घराबाहेर जाण्यापूर्वी त्याच्या पोटातील हार्ड डिस्ककडे निवांतपणे पाहावे, यासाठी हा लेख.

आपल्या डिस्कवर काय साठलेले असते? भीमजयंतीच्या मिरवणुकांची छायाचित्रे, मुलांच्या पहिल्या भाषणाचे चित्रण, कॅसेटवरून उतरवून घेतलेली भीमगीते, नागपूरला दीक्षा घेतलेल्या आजीने फोनवर सांगितलेली हकिकत. आपल्या पूर्वजांच्या जीवनाच्या नोंदी सरकारी दप्तरांनी क्वचितच आस्थेने ठेवल्या. त्यामुळे आपल्या घरातील ही दप्तरे हाच आपला इतिहास आहे, आणि तो बहुधा एकाच डिस्कवर, एकाच प्रतीत असतो.

एकाच प्रतीचा धोका बाबासाहेबांनीही अनुभवला होता. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांचे सामान वेगळ्या जहाजाने पाठवले गेले. महायुद्ध चालू होते. पाणतीराच्या माऱ्यात ते जहाज बुडाले आणि पुस्तकेही गेली. नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. पुस्तके मात्र परत मिळाली नाहीत. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते अनेक वर्षे पेट्यांत बंद होती. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, वसंत मून यांनी संपादनाचे काम हाती घेतले आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. ते कागद तोवर टिकले नसते, तर त्या खंडमालेतील कितीतरी लेखन आपल्याला वाचायलाच मिळाले नसते.

डिस्क म्हणजे नेमके काय

पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क आयबीएमने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे घडवली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये जाहीर केली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत आणि यंत्राचे वजन एक टनाहून अधिक होते. पुढच्याच महिन्यात दीक्षाभूमीवर धम्मक्रांती झाली. आज खिशात मावणाऱ्या डिस्कवर त्याच्या लक्षावधी पट मजकूर राहतो.

आता घरांत दोन प्रकार आढळतात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारे टोक तिच्यावरून अत्यंत कमी अंतराने सरकते. धक्का आणि धूळ हे तिचे शत्रू. नव्या एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो; माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठते. म्हणून एसएसडी वीजपुरवठ्याविना वर्षानुवर्षे कपाटात ठेवणे धोक्याचे.

साफसफाईचा क्रम

पहिले पाऊल पुसण्याचे नव्हे, प्रत काढण्याचे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा फाइल उघडायला फार वेळ लागत असेल, तर साफसफाईचा विचारही करू नये. मौल्यवान फाइली आधी दुसरीकडे घ्याव्यात. आजारी डिस्कवर प्रत्येक जादा काम ओझेच असते.

डिस्क निरोगी असेल तर विंडोजमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ या वाटेने जावे. मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ आणि ‘स्टोरेज’. कोणत्या प्रकारच्या फाइलींनी किती जागा व्यापली आहे ते तेथे दिसते. तात्पुरत्या फाइली, प्रणालीच्या जुन्या आवृत्तीचे अवशेष आणि कचरापेटी येथूनच रिकामी करता येते. ‘डाउनलोड्स’ हा फोल्डर मात्र स्वतः उघडून पाहावा. भारतातून आलेली कागदपत्रे बहुधा तेथेच पडून असतात. विंडोजचे अंतर्गत फोल्डर हाताने पुसू नयेत. ‘एका क्लिकमध्ये संगणक वेगवान’ असे सांगणाऱ्या अनोळखी प्रणालींची गरज नसते.

डिस्क काठोकाठ भरू देऊ नये; १५ ते २० टक्के जागा मोकळी असावी. फिरत्या तबकडीवर फाइलींचे तुकडे विखुरतात आणि ते जुळवून घेण्याचे काम विंडोज ठरावीक काळाने स्वतःच करते. एसएसडीवर असे तुकडे जुळवण्याचा लाभ नाही. झीज मात्र होते.

खरा पसारा असतो तो व्हॉट्सॲपवरून आलेल्या शुभेच्छांचा आणि एकाच छायाचित्राच्या दहा प्रतींचा. तो निवडताना घरातील वडीलधाऱ्यांना सोबत बसवावे. कोणते छायाचित्र ठेवायचे एवढाच प्रश्न नसतो. त्यात उभे असलेले कोण, गाव कोणते, साल कोणते, हेही त्याच वेळी लिहून घ्यावे. नाव नसलेले छायाचित्र दोन पिढ्यांनी अनोळखी माणसांचे होते. फाइलीच्या नावात आधी साल, महिना, दिवस आणि मग प्रसंग लिहिला, की सारे आपोआप क्रमाने लागते.

तीन प्रती

जतनाचा प्रचलित नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतील एक घराबाहेर. संगणकावर एक, बाहेरच्या डिस्कवर दुसरी, आणि तिसरी क्लाउडमध्ये किंवा दुसऱ्या शहरातील भावंडाकडे. येथे एक सावधगिरी हवी. ज्या सेवेत फोल्डर आपोआप जुळवला जातो, तेथे एका ठिकाणी पुसलेली फाइल सगळीकडून जाते. म्हणून बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, वर्षातून एकदा जोडून फाइली उघडून पाहाव्यात आणि काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवाव्यात. त्यासाठी भीमजयंतीचा आठवडा ठरवला तर विसर पडणार नाही. डिस्क कूटबद्ध असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून घरातील दुसऱ्या माणसालाही ठाऊक असू द्यावी.

संगणक देताना

जुन्या डिस्कवर पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी क्रमांक, करविवरण आणि जातीचे प्रमाणपत्रही असते. आपली जात कोणाला सांगावी हा निर्णय ज्याचा त्याचा. तो विकलेल्या संगणकाने घेऊ नये. नुसते ‘डिलीट’ केल्याने माहिती नष्ट होत नाही. विंडोजमध्ये ‘रीसेट’ करताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि त्यातील ‘क्लीन डेटा’ हा पर्याय निवडावा. नव्या मॅकवर ‘इरेझ ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’. बंद पडलेली डिस्क घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्यावी.

सर्व संस्कार अनित्य आहेत, ही शिकवण डिस्कलाही लागू आहे. परंतु तथागतांनी त्याच्याच जोडीला अप्रमादही सांगितला. आपल्या आजी-आजोबांनी अक्षर मिळवण्यासाठी जे सोसले, ते ध्यानी घेता त्यांच्या आवाजाची एक जादा प्रत काढणे हे फारसे कष्टाचे काम नाही. येत्या सुटीच्या दिवशी ते करावे, आणि मुलांना सोबत घेऊन करावे.