‘जॅकॲस’चा चौथा भाग कसा शूट झाला? स्टंट कॉमेडीमागचं कॅमेऱ्याचं तंत्र

शॉपिंग ट्रॉलीत बसून उतारावरून सुटलेली पोरं, झोपलेल्या मित्राची खोड काढणारी गँग, पडणं-आपटणं आणि मागून येणारा खदाखदा हसण्याचा आवाज. असे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये रोज येत असतील. या सगळ्या प्रकाराचं मूळ शोधायला गेलात तर एक नाव हमखास सापडतं, ते म्हणजे ‘जॅकॲस’.

ही अमेरिकन स्टंट कॉमेडी २००० साली एमटीव्हीवर सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचा चौथा मोठा सिनेमा ‘जॅकॲस फॉरेव्हर’ आला. सिनेमा पाचकळ आहे, अश्लील आहे, घरच्यांसोबत बघण्यासारखा तर अजिबात नाही. पण एक प्रश्न मात्र भारी आहे. ज्यात धड कथा नाही, हिरो नाही, व्हिलन नाही, अशा सिनेमाचा पुढचा भाग बनवतात तरी कसा? वीस वर्षांत कॅमेरे बदलले, माणसं म्हातारी झाली, प्रेक्षक हुशार झाले. मग नवीन काय दाखवायचं? आज आपण हेच सोप्या भाषेत समजून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘बिग ब्रदर’ नावाचं स्केटबोर्डिंगचं मासिक होतं. जेफ ट्रेमेन त्याचा संपादक. जॉनी नॉक्सव्हिल नावाच्या धडपड्या अभिनेत्यानं मासिकाला आयडिया दिली, की मी स्वसंरक्षणाची साधनं स्वतःवरच वापरून बघतो आणि त्यावर लिहितो. पेपर स्प्रे, विजेचा झटका देणारी गन, सगळं. ट्रेमेन म्हणाला, लिहितोयस तर शूटही कर. त्यातूनच पुढे ट्रेमेन, नॉक्सव्हिल आणि दिग्दर्शक स्पाइक जोन्झ या तिघांनी मिळून टीव्ही शो उभा केला.

इथे तंत्रज्ञानाचा मोठा वाटा होता. १९९५ नंतर हातात मावणारे डिजिटल व्हिडिओ कॅमेरे मिळू लागले. सोनीचा व्हीएक्स-१००० हा कॅमेरा तर स्केटबोर्डिंगच्या दुनियेत दंतकथाच झाला. आधी असलं शूटिंग म्हणजे मोठं युनिट आणि महागडी फिल्म. आता एक मित्र कॅमेरा धरणार, दुसरा पडणार. आज तुमच्या खिशातला फोन जे काम करतो, त्याची ही पहिली आवृत्ती समजा.

पहिला सिनेमा २००२ मध्ये आला. बजेट साधारण ५० लाख डॉलर आणि जगभरची कमाई जवळपास ८ कोटी डॉलर! एवढा नफा दिसल्यावर पुढचे भाग येणारच होते. दुसरा २००६ मध्ये आला आणि तिसरा, थ्रीडीमध्ये, २०१० साली.

पहिली अडचण: तेच पडणं पुन्हा कसं दाखवायचं?

माणूस पडतो ते अर्ध्या सेकंदात. पहिल्यांदा हसू येतं, दहाव्यांदा नाही. यावर तिसऱ्या भागात उपाय काढला गेला तो हाय-स्पीड कॅमेऱ्याचा. फँटम नावाचा हा कॅमेरा सेकंदाला १००० किंवा त्याहून जास्त फ्रेम टिपू शकतो.

आता हे गणित बघा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं दाखवला जातो. म्हणजे १००० फ्रेममध्ये टिपलेला एक सेकंद पडद्यावर जवळपास ४२ सेकंद चालतो. गालावर बसलेल्या थपडेनं चेहऱ्यावर उठणारी लाट साध्या डोळ्यांना दिसतच नाही, ती इथे दिसते. म्हणजे स्टंट जुनाच, पण तो बघायची नजर नवी.

तुमच्या फोनमधला २४० फ्रेमचा स्लो मोशन याच तत्त्वावर चालतो. त्यात एक सेकंद साधारण आठ सेकंदांचा होतो. २०१७-१८ च्या सुमारास सोनी आणि सॅमसंगच्या काही फोनमध्ये ९६० फ्रेमचा मोड आला होता, पण त्यात खरं रेकॉर्डिंग व्हायचं ते सेकंदाच्या पाचव्या भागाइतकंच. एवढ्या वेगानं येणारा डेटा साठवायला फोनच्या सेन्सरमधली मेमरी पुरत नव्हती.

हाय-स्पीडची दुसरी भूक म्हणजे प्रकाश. सेकंदाला १००० फ्रेम घ्यायच्या तर प्रत्येक फ्रेमला जास्तीत जास्त एक हजारांश सेकंद मिळतो. साध्या शूटिंगच्या तुलनेत प्रकाश वीसपट कमी! म्हणून असे शॉट एक तर कडक उन्हात घेतात नाही तर प्रचंड दिवे लावून. घरातल्या ट्यूबलाइटखाली फोनवर स्लो मोशन घेतला की व्हिडिओ काळपट येतो आणि लुकलुकतो, हे तुम्ही पाहिलं असेल. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेरा मात्र पकडतो.

बटण आधी दाबायचं की नंतर?

असल्या सिनेमात रिटेक नसतो. माणूस एकदा आपटला की आपटला. मग एवढा महागडा कॅमेरा नेमक्या क्षणी सुरू कसा करायचा?

गंमत म्हणजे फँटमचं बटण घटना घडून गेल्यावर दाबता येतं. कॅमेरा आपल्या मेमरीत सतत रेकॉर्ड करत असतो आणि जुन्यावर नवं लिहीत जातो. ऑपरेटरनं बटण दाबलं, की मागचे काही सेकंद पक्के होतात. आयफोनमधला लाइव्ह फोटो असाच क्लिकच्या आधीचा दीड सेकंदही धरून ठेवतो. कल्पना तीच.

आणि कॅमेरा एकच नसतो. एक पडणाऱ्यावर आणि बाकीचे त्याच्या दोस्तांवर. ‘जॅकॲस’ची निम्मी कॉमेडी या दुसऱ्या कॅमेऱ्यांत आहे. पडणं बघून आपण दचकतो, पण हसतो ते मित्र हसतात म्हणून. तो हसण्याचा आवाज काढून टाका, उरेल फक्त अपघाताचा व्हिडिओ.

दुसरी अडचण: चेहरा ओळखीचा झाला

प्रँक चालते ती समोरच्याला काही माहीत नसेल तरच. सिनेमा हिट झाल्यावर नॉक्सव्हिलला रस्त्यावर सगळेच ओळखायला लागले. उपाय काय, तर मेकअप. २०१३ च्या ‘बॅड ग्रँडपा’मध्ये तो ८६ वर्षांचा आजोबा झाला आणि लपवलेल्या कॅमेऱ्यांसमोर खऱ्याखुऱ्या लोकांत वावरला. हा मेकअप इतका जमला की सिनेमाला चक्क ऑस्करचं नामांकन मिळालं!

पण छुपा कॅमेरा लावला म्हणजे कुणालाही दाखवता येतं असं नाही. शूटिंगनंतर समोरच्याला सगळं सांगून लेखी परवानगी घेतात. सही नसेल तर चेहरा ब्लर करतात किंवा तो प्रसंगच कापतात. आपल्याकडे ‘प्रँक होता, भाऊ’ म्हणून थेट अपलोड करणारे नेमकी हीच पायरी गाळतात.

तिसरी अडचण: वय

ही सगळ्यात मोठी अडचण. चौथ्या भागाचं शूटिंग २०२० मध्ये सुरू झालं, कोरोनामुळे लगेच थांबलं आणि त्याच वर्षी पुन्हा चालू झालं. नॉक्सव्हिल तोवर पन्नाशीच्या दारात पोहोचला होता. डोक्यावर पांढरे केस, अंगात जुन्या दुखापती.

मग टीमनं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे नवी मंडळी घेतली. स्टँडअप करणारी रेचल वुल्फसन ही मुख्य टीममधली पहिली महिला ठरली. जॅस्पर डॉल्फिन, झॅक होम्स, एरिक मनाका असे नवे चेहरेही आले. दुसरं म्हणजे जुनेच स्टंट मोठे करून परत आणले. शोच्या सुरुवातीच्या काळातली गार्ड तपासायची ‘कप टेस्ट’ इथे पुन्हा आली, फरक एवढाच की ठोसा मारायला होता फ्रान्सिस एनगानू, म्हणजे यूएफसीचा माजी हेवीवेट चॅम्पियन.

आणि मग बैलाचा स्टंट. बैल सांभाळायला होता गॅरी लेफ्यू, १९७० चा जगज्जेता बुल रायडर. एवढा जाणकार हजर होता, सेटवर वैद्यकीय मदतही होती. तरी बैलानं नॉक्सव्हिलला हवेत भिरकावलं आणि तो डोक्यावर आपटला. मनगट मोडलं, बरगडी मोडली, डोक्याला जबर मार बसला, मेंदूत रक्तस्राव झाला. त्यानंतर त्यानं मुलाखतींत सरळ सांगितलं, की असले मोठे स्टंट आता बंद.

म्हणजे तयारीनं धोका कमी होतो, पण संपत नाही. वीस वर्षांचा अनुभव आणि पूर्ण टीम असून ही गत झाली, मग मोबाइल आणि दोन मित्र एवढ्याच भांडवलावर काय होईल, याचा विचार करा.

फ्रेममध्ये जे दिसत नाही ते

शो नवा असताना एका भागात नॉक्सव्हिल आग-रोधक सूट घालून मोठ्या ग्रिलवर आडवा झाला होता. जानेवारी २००१ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या एका १३ वर्षांच्या मुलानं हा शो बघून तसंच काहीतरी करायचा प्रयत्न केला आणि तो गंभीर भाजला. सिनेटर जो लिबरमन यांनी एमटीव्हीवर सडकून टीका केली. त्यानंतर शो रात्री दहानंतरच दाखवला जाऊ लागला.

‘घरी करून बघू नका’ ही सूचना तर तेव्हाही होती. मग चुकलं कुठे? कॅमेरा आग दाखवतो, पण सूट कसा बनलाय, बाजूला कोण उभं आहे, किती वेळा हो-नाही झालं, हे दाखवत नाही. फ्रेम म्हणजे खिडकी. तिच्यातून घर दिसतं, घराचा पाया दिसत नाही. किल्ल्याच्या कड्यावर किंवा धबधब्याच्या टोकावर रील करणाऱ्यांचं नेमकं इथेच चुकतं. त्यांनी पाहिलेली असते ती फक्त खिडकी.

बिनधोक धमाल: अंधाराची खोली

आता चौथ्या भागातला एक वेगळा प्रसंग बघू. काही जणांना खोलीत बसवून अचानक दिवे घालवले जातात. खोलीत विषारी साप मोकळा आहे, असा त्यांचा समज करून दिलेला असतो. मिट्ट काळोखात ते धडपडतात, एकमेकांवर आदळतात, नुसता धक्का लागला तरी किंचाळतात. त्यांना काहीच दिसत नाही, आपल्याला मात्र सगळं दिसतं.

ही किमया आहे इन्फ्रारेड प्रकाशाची. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतो. घरी करून बघा, हे मात्र खुशाल करा! टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनच्या स्क्रीनवर रिमोटच्या टोकाचा दिवा जांभळट पांढरा चमकताना दिसेल, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारा चांगला फिल्टर असतो, म्हणून तिथे तो कमी दिसतो.

या प्रसंगात बैल नाही, आग नाही, उंचीही नाही. आहे ती भीती आणि दोस्तांची फजिती. तरी हसून पोट दुखतं! साधारण १ कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चौथ्या भागानं जगभरात सुमारे ८ कोटी डॉलर कमावले. थ्रीडीचा थाट नव्हता, तो तिसऱ्या भागात होता. पण जुने दोस्त पुन्हा एकत्र हसताना बघायला लोक आलेच.

तुमच्या कामाचं काय?

* स्लो मोशन उन्हात घ्या. २४० फ्रेमला प्रकाश भरपूर लागतो.
* दोन फोन वापरा. एक घटनेवर, एक मित्रांच्या चेहऱ्यांवर. एडिट करताना दुसराच जास्त कामी येईल.
* अनोळखी माणूस व्हिडिओत असेल तर टाकण्याआधी त्याला दाखवा आणि विचारा. नाही म्हणाला तर डिलीट.
* व्हायरल स्टंट बघून हात शिवशिवले, तर आधी स्वतःला विचारा: या फ्रेमच्या बाहेर कोण कोण उभं होतं? उत्तर माहीत नसेल तर तो स्टंट तुमच्यासाठी नाही.

फुग्यात पाणी भरा, मित्राच्या डोक्यावर फोडा आणि २४० फ्रेममध्ये टिपा. पाण्याचा गोळा क्षणभर फुग्याच्या आकारातच राहतो आणि मग कोसळतो. कुणाचं हाड मोडत नाही आणि व्हिडिओ झक्कास येतो!