अडुळसा : कुंपणावरचे औषध

गोदाकाठच्या मळ्यांतून हिंडलेल्या माणसाला अडुळशाची ओळख करून द्यावयास नको. बांधावर तो कुंपणासाठी लावतात, कारण शेळ्या त्याच्या वाटेला जात नाहीत. पाने कडू आणि वासाला उग्र. जबडा पसरल्यासारख्या पांढऱ्या फुलावरून संस्कृतात त्याला ‘सिंहास्य’ असे भारदस्त नाव मिळाले. खोकल्यावर अडुळसा, हे तर घरोघरच्या आजीला ठाऊक.

गंमत अशी की, ही पाने नुसती कुटून पिळली तर रस फारसा निघत नाही. म्हणून वैद्यांनी पुटपाकाची युक्ती काढली. पाने वाटून गोळा करावयाचा, तो दुसऱ्या पानांत गुंडाळून वर माती लिंपावयाची आणि निखाऱ्यांत भाजून मग पिळावयाचा. घरी पाने वाफवून घेतली तरी भागते. रस मधातून देतात. आणि यात तथ्य आहे. पानांतील व्हॅसिसिन हे द्रव्य १८८८ साली हूपर यांनी वेगळे केले. त्याच्याच धर्तीवर पुढे ब्रोमहेक्झिन बनले. ब्रोमहेक्झिनचे शरीरात होणारे रूपांतर म्हणजे अँब्रॉक्सॉल, जे आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असते. कफ पातळ करून सुटा करावयाचा, एवढे यांचे काम. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गर्भवतीला मात्र हा रस देऊ नये.

येथवर ठीक. परंतु अडुळसा जवळ असता क्षयी माणसाने खचू नये, असेही जुन्या वैद्यकाने म्हणून ठेवले आहे. त्या काळी दुसरे हाती तरी काय होते? पुढेही दीर्घकाळ माणसे कोरड्या हवेसाठी देवळालीच्या आरोग्यधामांत येऊन राहात. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि क्षयाच्या जंतूवर पहिला खरा घाव बसला. अडुळशाने कफ सुटतो, खोकल्याला उतार पडतो, आणि धोका नेमका येथेच आहे : रोगी आणि घरची माणसे निश्चिंत होतात, अन् फुप्फुसातला जंतू आपले काम चालूच ठेवतो. शेजारच्या खाटेवरच्या नातवालाही तो गाठतो.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला, सायंकाळी बारीक ताप येऊ लागला, वजन उतरले, तर थुंकी तपासून घ्यावी. थुंकीत रक्त दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी विनामूल्य होते. क्षय निघाला तर साधारण सहा महिन्यांची औषधेही तेथेच फुकट मिळतात. घरी काढा चालू असेल, तर तेवढे डॉक्टरांच्या कानावर घालावे.