ना. वि. जगताप यांचं हस्ताक्षर

१९८१च्या मे महिन्यात उस्मानाबादहून उदगीरला आत्याकडे निघालो, तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. वाचनालयातून आणलेलं 'यक्षांची देणगी' मांडीवर होतं. एसटीनं लातूर सोडलं आणि मी 'गंगाधरपंतांचे पानिपत'पाशी पोचलो. पुण्याहून मुंबईला रेल्वेनं निघालेले गंगाधरपंत अशा एका जगात उतरतात, जिथे विश्वासरावांना लागायची ती गोळी चुकली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. खिडकीबाहेर नांगरून तापत टाकलेली काळी रानं होती. समोर उदगीर यायचं होतं, आणि उदगीर म्हणजे काय हे आमच्या गुरुजींनी पाठ करून घेतलं होतं: १७६०च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं ते याच मोहिमेत, आणि या विजयामुळेच पुढे उत्तरेची मोहीम भाऊंकडे आली. म्हणजे पानिपतची वाट माझ्या आत्याच्या गावावरून गेली होती. गोष्टीतला इतिहास ज्या टोकाला फिरला होता, त्याच्या दुसऱ्या टोकाकडे माझी एसटी चालली होती. त्या दुपारपासून हा लेखक माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तो लेखक, खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर, आता हयात नाही. २० मे २०२५ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळं येऊन गेलं: १९३८चा कोल्हापूरचा जन्म, बनारसचं बालपण, केंब्रिज, रँग्लर, वयाच्या सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण, १९७२ला मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत येणं, पुण्याची 'आयुका' ही खगोलशास्त्र संस्था. ते इथे पुन्हा लिहीत नाही. मला ओढ आहे ती त्यांच्यातला गोष्टी लिहिणारा माणूस कुठून आला याची. गेली कित्येक वर्षं त्यांचं आत्मचरित्र, लेख, मुलाखती मी त्या एकाच धाग्यासाठी चाळत आलो आणि दर वेळी तीन अक्षरांपाशी येऊन थांबलो.

ही अक्षरं पहिल्यांदा भेटतात बनारसच्या घरात. वडील विष्णू वासुदेव नारळीकर तिथल्या हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. मुलांसाठी वडिलांनी घराच्या भिंतीवर दोन फळे करून दिले होते. पुढे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, एम. एस्सी.साठी बनारसला येऊन राहिले. या मोरूमामांनी एक खेळ लावला. सकाळी फळ्यावर एक गणित लिहिलेलं असायचं आणि वर इंग्रजीत मथळा: जे. व्ही. एन.साठी आव्हान. नियम एकच. गणित सुटेपर्यंत, किंवा भाच्यानं हार कबूल करेपर्यंत ते पुसायचं नाही. शाळेतून आलं की फळा समोर, जेवायला बसलं की फळा समोर.

मी तीस वर्षांहून जास्त काळ जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. फळा पुसला जाण्याची मुलं किती आतुरतेनं वाट बघतात ते मला चांगलं ठाऊक आहे. न पुसलेलं गणित मुलाच्या मानेवर बसतं. तिथे वडील विभागप्रमुख असल्याचा उपयोग नसतो आणि मामा लाडका असल्याचाही नसतो. नारळीकरांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची चाल मला त्या फळ्यावर दिसते.

मराठीही त्यांना त्याच घरानं दिली. बाहेर बनारसची हिंदी आणि पुढे पंधरा वर्षं केंब्रिजची इंग्रजी. महाराष्ट्रात सलग राहायला ते आले चौतिसाव्या वर्षी. आमच्या भागात याचं नवल वाटू नये. निजामाच्या राज्यात माझे आजोबा भूमिती उर्दूत शिकले. त्रिकोणाला ते शेवटपर्यंत मुसल्लस म्हणायचे, आणि हिशेब लिहायचे मराठीत. घरात राखलेली भाषा फार चिवट असते. नारळीकरांची मराठी वाचताना मला ती चव लागते: साधी, जपून वापरलेली, कुठेही मिरवायला न काढलेली.

केंब्रिजमध्ये त्यांना गुरू मिळाले फ्रेड हॉईल. विश्व सदासर्वकाळ सारखंच आहे, त्याला आरंभाचा स्फोट नाही, असा स्थिर-स्थिती सिद्धांत हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८मध्ये मांडलेला होता. त्याच गावात मार्टिन राइल रेडिओ दुर्बिणीनं आकाशातले स्रोत मोजत होते आणि हा सिद्धांत त्यांना मुळीच मान्य नव्हता. फेब्रुवारी १९६१मध्ये राइल यांनी लंडनला पत्रकार परिषद घेतली. हॉईलना बोलावून मंचावर बसवलं आणि त्यांच्यादेखत जाहीर केलं की आपल्या मोजणीनं स्थिर-स्थिती मोडीत निघाली. एखाद्याला घरी बोलावून चारचौघांत त्याचा पाणउतारा करावा तसा हा प्रकार होता, असं मला आजही वाटतं. हॉईलनी त्यावर आपल्या विद्यार्थ्याबरोबर उत्तर तयार केलं आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत ते मांडायला त्या विद्यार्थ्यालाच उभं केलं. नारळीकर तेव्हा बावीस वर्षांचे होते, समोर राइल होते.

या भांडणात पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. १९६५मध्ये विश्वभर पसरलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३मध्येही हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह ते त्याच सिद्धांताचं नवं रूप मांडत होते. यात त्यांचं बरोबर होतं की चूक, हे ठरवणारा मी कोण? पण मान्य इतिहासाच्या शेजारी दुसरा एक इतिहास उभा करून तो पायरीपायरीनं तपासायची सवय त्यांना याच भांडणानं लावली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि शास्त्रज्ञानं कादंबरी लिहिण्यात कमीपणा नाही, हेही त्यांनी तिथेच पाहिलं होतं. हॉईल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी नारळीकर केंब्रिजला पोचले त्याच वर्षी, १९५७मध्ये आली होती.

१९७४मध्ये राइल यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी नारळीकरांनी पहिली गोष्ट लिहिली.

मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली होती. नारळीकर अहमदाबादला एका वैज्ञानिक परिषदेत बसले होते आणि समोरचं व्याख्यान रटाळ चाललं होतं. परिषदेत वाटलेले कोरे कागद पुढ्यात होते. त्यांच्यावर त्यांनी 'कृष्णविवर' लिहायला घेतली. त्या नावाची इंग्रजी संज्ञा भौतिकशास्त्रज्ञ व्हीलर यांनी रुळवून तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. मराठी वाचकाला कृष्णविवर म्हणजे काय हेच आधी सांगावं लागणार होतं, आणि स्पर्धेची शब्दमर्यादा सांभाळून गोष्टही सांगायची होती.

गोष्ट झाली, आणि मग खरी अडचण आली. या नावानं पाठवली तर परीक्षक नाव वाचतील. सबंध देश ओळखत असलेल्या खगोलशास्त्रज्ञाला बक्षीस नाकारायचं धाडस कोण करणार? म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी केली. ज. वि. ना.चं झालं ना. वि. ज., आणि त्यातून एक माणूस तयार झाला: नारायण विनायक जगताप. अक्षरही ओळखीचं निघू नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी सबंध कथा आपल्या हातानं उतरवून काढली.

आमच्या तेरच्या गोरा कुंभारांची, गोरोबाकाकांची, गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईनं विचारलं, यातली मडकी पक्की कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. ज्ञानदेवांच्याही डोक्यावर मारलं. कच्चं निघालं ते नामदेवाचं, प्रत्यक्ष विठ्ठलाच्या लाडक्याचं. थापटणं नाव विचारत नाही. नारळीकर आपण होऊन थापटण्याखाली बसले, तेही डोक्यावरचं नाव उतरवून ठेवून. किती साहित्यिकांनी हे केलं असेल? कीर्ती मिळाल्यावर तर फारच थोड्यांनी.

पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

त्यांची 'उजव्या सोंडेचा गणपती' मी पुढे अनेकदा वाचली. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की मोबियसची पट्टी होते. तिच्यावरून फेरी मारून आलेली आकृती डावीची उजवी होऊन परतते. कथेत अवकाशालाच असा पीळ पडतो. गणपतीची सोंड फिरते, उजव्या हाताचा गोलंदाज डावखुरा होतो. दहा वेळा वाचून झाल्यावर एकदा वर्गात मुलांसाठी ती पट्टी चिकटवत असताना माझ्या लक्षात आलं की ज. वि. ना.चं ना. वि. ज. होणं हीदेखील त्या पट्टीवरची फेरी आहे. बनारसच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली तीच तीन अक्षरं आरशात पडून मुंबईत परीक्षकांपुढे गेली. मोरूमामांनी भाच्याला आव्हान दिलं होतं, आता भाच्यानं अक्षरं फिरवून ते परीक्षकांना दिलं.

पुढचं भराभर झालं. 'किर्लोस्कर'चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी गोष्टी मागितल्या. १९७५च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, आणीबाणीविरुद्धच्या भूमिकेमुळे गाजलेल्या त्या संमेलनात, अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची आवर्जून दखल घेतली. १९७९मध्ये 'यक्षांची देणगी' पुस्तकरूपानं आलं. मराठीत विज्ञानकथा त्याआधीही होत्या. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' १९१५ची, आणि भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नवर तर आमच्या आधीची पिढी वाढली. पण या कथांना मराठी साहित्याच्या ओसरीवरून माजघरात नेलं ते जगतापांनी.

दोषही सांगायला हवा. नारळीकरांच्या कथेत शेवटी कुणीतरी शास्त्रज्ञ येतो आणि सगळं समजावून सांगतो. 'गंगाधरपंतां'त ते काम राजेंद्र देशपांडे करतात, आणि तिथे गोष्ट थांबून तास सुरू होतो. तरी त्याआधीचं गंगाधरपंतांच्या खिशातलं बखरीचं फाटकं पान त्या तासाला पुरून उरतं. ते दुसऱ्या जगातलं पान आहे, तिथे गोळी विश्वासरावांना चाटून गेली असं त्यावर छापलेलं आहे, आणि ते या जगात हाताला लागतं. एसटीत मी ते वाक्य वाचून पुस्तक मिटलं होतं आणि उगाच स्वतःचा खिसा चाचपला होता.

त्याच कथेत आझाद मैदानावर एक सभा भरलेली आहे आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी आहे. गंगाधरपंतांना ते खटकतं, ते जाऊन बसतात आणि लोक त्यांना उठवून लावतात. त्या जगाला अध्यक्ष नकोच असतो. ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०२०मध्ये आमच्या गावी, उस्मानाबादला झालं, गोरोबाकाकांचं नाव दिलेल्या साहित्यनगरीत. मी तिन्ही दिवस तिथेच होतो. पुढचं, ९४वं, नाशिकला २०२१च्या डिसेंबरात झालं, अध्यक्ष नारळीकर. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत. अध्यक्षांची खुर्ची रिकामी राहिली आणि त्याबद्दल नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली गेली. त्यानंतरचं ९५वं, २०२२ला उदगीरला. माझ्या लहानपणी उदगीर आमच्याच जिल्ह्यात होतं. लातूर वेगळं झालं ते १९८२ला. जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या दोन संमेलनांच्या मधोमध ती रिकामी खुर्ची आहे. त्या नाराजीनं मला फार वाईट वाटलं. त्र्याऐंशी वर्षांच्या आजारी माणसाकडून आपल्याला हवं होतं काय? ज्यानं नाव बाजूला ठेवून नुसती गोष्ट पुढे केली, त्याची गोष्ट घेऊन बसायला तीन दिवस पुरेसे होते.

मंगलाताईंबद्दल मात्र आपण कमीच बोलतो. त्या स्वतः गणितज्ञ. १९६४मध्ये मुंबई विद्यापीठात एम. ए.ला पहिल्या, पुढे विश्लेषणात्मक संख्या-सिद्धांतात पीएच. डी. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्यावाचनाची नवी रीत आली, तेव्हा महाराष्ट्रानं त्यांचं नाव ऐकलं ते टिंगलीतून. एकवीसऐवजी वीस एक, त्रेपन्नऐवजी पन्नास तीन. जुनी रीत काढून टाकलेली नाही, मुलांना सोपं जावं म्हणून जोडीला ही दिली आहे, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या. विधानसभेपर्यंत विनोद झाले. १७ जुलै २०२३ला त्या गेल्या.

२०१९मध्ये मी दुसरीलाच शिकवत होतो. आमच्या मराठीत संख्या उलटी बोलली जाते, हे दुसरीच्या मास्तरला कुणी सांगावं लागत नाही. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि लिहिताना दोन. जून महिन्यात मी वर्गात त्रेपन्न सांगितलं. तिसऱ्या रांगेतल्या मुलीनं 'त्रे' ऐकल्याबरोबर पाटीवर तीन काढला आणि मग त्याच्या उजवीकडे पाच. पाटी वर धरली तेव्हा तिच्यावर ३५ होते. मी म्हटलं, पन्नास तीन. तिनं पाटीकडे पाहिलं, थुंकीनं बोट ओलं करून दोन्ही आकडे पुसले, आणि पाच आधी काढला.