मृगाआधी पत्र्याचे हूक आवळून घ्या

नाशिक : ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकून पुढे नाशिककडे सरकलं होतं. पण पत्रे उडायला चक्रीवादळच लागतं असं नाही, वळवाचा वाराही पुरतो.

हा वारा कडेखालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. म्हणून नुसते दगड ठेवून भागत नाही. पत्रा उडाला की तोच दगड घरातल्यांच्या डोक्यात पडतो. कडेचे अन् कोपऱ्याचे हूक आधी बघा. गंजलेले बदला, ढिले आवळा, फाटलेले वॉशर नवे टाका. भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडा, नाहीतर गळणारच. कांदा चाळीचंही तेच.

सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, फुटतो. आडवी फळी टाका. छपराचे फोटो आत्ताच काढून ठेवा, नुकसान झालंच तर पंचनाम्याला तलाठ्यांना दाखवता येतील.