स्कॉटलंडचा दुसरा कौल : प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा?



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्कॉटलंडच्या घटनात्मक पेचाविषयी बोलावे ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. माझे त्यावरचे उत्तर साधे आहे. हा प्रश्न राजकारणाचा आणि अर्थकारणाचा आहेच, परंतु त्याचा मोठा भाग शब्दांचाही आहे. कौल कोणत्या शब्दांत मागावा, 'पिढी' म्हणजे किती वर्षे, 'संमती' नेमकी कोणाची, ह्या वादांत भाषेच्या अभ्यासकाला रस वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय आपण गोमंतकीयांनी असा कौल एकदा दिलेला आहे. त्याकडे मी पुढे येईन.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण मराठी माणसे ज्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणत आलो त्यांतले कितीतरी जण इंग्रज नव्हतेच. पुण्याच्या दरबारी रेसिडेंट असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, माळव्याची घडी बसवणारा जॉन माल्कम, मुंबईत महाविद्यालय स्थापन करणारे डॉ. जॉन विल्सन, हे सारे स्कॉटिश होते. दोन राष्ट्रे एका नावाखाली इतकी मिसळून गेली होती की त्यांच्या साम्राज्याच्या प्रजेला फरक दिसण्याचे कारण नव्हते. स्कॉटलंडमधल्या माणसाला मात्र तो नेहमीच दिसत होता.

१६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला. तेव्हा मुकुट एक झाला, राज्ये मात्र दोनच राहिली. १७०७ मध्ये दोन्ही संसदांनी एकीकरणाचा करार मान्य केला आणि त्या वर्षी १ मेपासून ग्रेट ब्रिटन हे एक राज्य झाले. पनामाच्या दारिएन भूप्रदेशात वसाहत स्थापण्याचा स्कॉटलंडचा उद्योग त्याआधी थोडीच वर्षे पुरता फसला होता आणि देशातले पुष्कळसे भांडवल त्यात बुडाले होते, ही ह्या करारामागची एक पार्श्वभूमी. तरीही स्कॉटलंड जिंकला गेला नाही, तो करारान्वये सामील झाला. त्याची कायदापद्धती, न्यायालये, चर्च आणि शिक्षणव्यवस्था वेगळीच राहिली. करार केलेल्या पक्षाला तो मोडण्याचा अधिकार आहे काय, हा आजच्या वादाचा गाभा त्या दिवसापासून तिथे पडून आहे.

विसाव्या शतकाचा वृत्तान्त मी थोडक्यात आटोपतो. १९७९ मध्ये एडिंबरोला विधिमंडळ द्यावे की नाही ह्यावर मतदान झाले. ५१.६ टक्के मते अनुकूल पडली, परंतु एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट कायद्यात घालून ठेवलेली होती. तो आकडा ३२.९ इतकाच भरला आणि बहुमत मिळूनही विधिमंडळ मिळाले नाही. १९९७ मध्ये अशी अट नव्हती. ७४.३ टक्क्यांनी होकार दिला आणि १९९९ मध्ये १२९ सदस्यांचे स्कॉटिश पार्लमेंट भरू लागले. २०११ मध्ये त्यात स्कॉटिश नॅशनल पार्टीने ६९ जागा जिंकल्या. प्रमाणबद्ध प्रतिनिधित्वाकडे झुकलेल्या त्या पद्धतीत एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळणे अवघड मानले जाई, ते मिळाले. स्वातंत्र्याचा प्रश्न मग टाळता येण्यासारखा राहिला नाही.

येथे कायद्याचा एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने काही विषय लंडनच्या संसदेकडे राखून ठेवले आहेत आणि 'स्कॉटलंड व इंग्लंड ह्या राज्यांचे एकीकरण' हा त्यांतलाच एक विषय. त्याच कायद्याच्या कलम ३० अन्वये मात्र असा राखीव अधिकार दोन्ही ठिकाणच्या विधिमंडळांच्या संमतीने तात्पुरता स्कॉटलंडला देता येतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमरन आणि स्कॉटलंडचे प्रथममंत्री ॲलेक्स सामंड ह्यांनी एडिंबरोत करारावर सह्या केल्या आणि २०१४ च्या अखेरीपर्यंत एकदाच कौल घेण्याचा अधिकार ह्या वाटेने स्कॉटलंडला मिळाला.

आता प्रश्नाचे शब्द पाहा. स्कॉटिश सरकारने आधी सुचवलेल्या प्रश्नाचा आशय असा होता : 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा ह्याशी तुम्ही सहमत आहात काय?' निर्वाचन आयोगाने मतदारांवर त्याची चाचणी घेतली आणि 'सहमत आहात काय' हे शब्द होकाराकडे ढकलतात म्हणून ते गाळावयास सांगितले. उरला तो सहा इंग्रजी शब्दांचा प्रश्न : स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा काय? आयोगाचा हा निर्णय मला फार मार्मिक वाटतो. आपल्याकडे 'येतोस का?' आणि 'येतोस ना?' ह्यांत काय अंतर आहे ते शेंबडे पोरही जाणते. 'ना' लावून विचारले की नकार देणाऱ्यालाच जरा अवघडल्यासारखे होते. शब्द सुधारले तरी उत्तरे 'हो' आणि 'नाही' हीच राहिली, आणि त्यातही एक मेख होती. 'हो' म्हणणारा उमेदीचा वाटतो, 'नाही' म्हणणारा आपोआपच नकारघंटा वाजवणारा ठरतो. पुढे युरोपीय संघाविषयीच्या सार्वमताच्या वेळी त्याच आयोगाने 'हो-नाही' सोडून 'राहावे' की 'सोडावे' असे दोन पर्याय ठेवावयास लावले. स्कॉटलंडमध्ये पुन्हा कौल झालाच तर स्वातंत्र्यवादी 'हो-नाही'चा आग्रह धरतील आणि एकीकरणवादी 'राहावे-सोडावे'चा, हे सांगावयास ज्योतिषी नको.

१८ सप्टेंबर २०१४ रोजी ८४.६ टक्के मतदान झाले. सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलामुलींना मत होते, तिथे राहणाऱ्या युरोपीय नागरिकांनाही होते. नकाराची मते २०,०१,९२६, होकाराची १६,१७,९८९, टक्केवारी ५५.३ आणि ४४.७. हा कौल पिढीतून एकदा येणारी संधी आहे असे स्वातंत्र्यवादी सरकारने आपल्या श्वेतपत्रिकेत म्हटले होते. हे शब्द पुढे त्यांच्यावरच उलटले. पिढी म्हणजे किती वर्षे हे एडिंबरोच्या करारात कुठेही लिहिलेले नाही, परंतु लंडनच्या प्रत्येक नकारात ते वापरले गेले. प्रचारात भाववाढ केलेला शब्द पुढे मूळ किमतीला परत घेता येत नाही.

मग २३ जून २०१६ आले. ब्रिटनने ५१.९ टक्क्यांनी युरोपीय संघ सोडण्याचा निर्णय घेतला. स्कॉटलंडमध्ये मात्र ६२ टक्के मते राहण्याच्या बाजूची होती. ३२ पैकी एकाही स्थानिक परिषदेच्या क्षेत्रात सोडण्याला बहुमत नव्हते. २०१४ च्या प्रचारात एकीकरणवाद्यांचा एक हुकमी मुद्दा असा होता की ब्रिटन सोडाल तर युरोपही गमवाल. दोन वर्षांनी घडले ते असे की ब्रिटनमध्ये राहिल्यामुळेच युरोप गेला. परिस्थितीत मूलभूत बदल झाला, तेव्हा प्रश्न पुन्हा विचारावा, ही मागणी त्यातून आली आणि ती अन्याय्य आहे असे मला वाटत नाही.

मार्च २०१७ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने ६९ विरुद्ध ५९ मतांनी कलम ३० अन्वये अधिकार मागितला. पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनी ही वेळ नव्हे असे सांगितले. जानेवारी २०२० मध्ये बोरिस जॉन्सन ह्यांनीही नकार कळवला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले. अखेर प्रथममंत्री निकोला स्टर्जन ह्यांनी १९ ऑक्टोबर २०२३ ही कौलाची तारीख सुचवली आणि लंडनच्या संमतीवाचून असा कौल घेता येईल काय, हे सरकारच्या विधी सल्लागारांमार्फत सर्वोच्च न्यायालयालाच विचारले.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने 'नाही' असे उत्तर दिले. स्कॉटलंडच्या बाजूने युक्तिवाद असा होता की कौल केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचा असेल, त्याने आपोआप काहीच घडणार नाही. न्यायालयाचे म्हणणे असे की कायद्याने घेतलेल्या कौलाला राजकीय परिणाम असतातच. तो एकीकरणाशी आणि ब्रिटिश संसदेच्या सार्वभौमत्वाशी निगडित आहे, म्हणून राखीव आहे. स्वयंनिर्णयाच्या मुद्द्यावर न्यायालयाने कॅनडातील क्विबेकसंबंधीच्या १९९८ च्या निकालाचा आधार घेतला. परकीय राजवटीखालच्या वा पीडित जनतेला असलेला हक्क स्कॉटलंडला लागू होत नाही, असे त्याचे तात्पर्य. कायदा म्हणून हा निकाल मला निर्दोष वाटतो. तथापि त्याने एवढेच ठरवले की दार कोणाच्या हाती आहे. ते केव्हा उघडावे हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हते.

आता आपल्याकडे वळतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो. आमच्या मतपत्रिकेवर 'हो-नाही' नव्हतेच. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. माझे वडील फुलाचे आणि मामा दोन पानांचे. त्या दिवसांत आजोळी जाणे जरा जड जाई. १,७२,१९१ मते संघप्रदेशाला आणि १,३८,१७० विलीनीकरणाला पडली. स्कॉटलंडची आणि आपली परिस्थिती एक नव्हे. तिथे वेगळे होण्याचा प्रश्न आहे, आपल्याकडे दुसऱ्या राज्यात मिळून जाण्याचा होता. परंतु दोन गोष्टी तुलनेस योग्य आहेत. आपला कौलही गोव्याच्या विधानसभेने नव्हे, दिल्लीच्या संसदेने कायदा करून घेतला. आणि कौल हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अवघ्या दोन महिन्यांनी निवडणूक जिंकून पुन्हा सत्तेवर आला. स्कॉटलंडमध्येही हेच घडले. २०१४ चा कौल हरलेल्या पक्षाने २०१५ मध्ये लंडनच्या संसदेतील स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. कौल आणि निवडणूक ह्यांत लोक वेगवेगळे उत्तर देतात, कारण त्यांना वेगवेगळे विचारलेले असते. निवडणुकीच्या निकालातून कौलाचा अर्थ काढू पाहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना हे सोयीनुसार विसरता येते. न्यायालयाच्या निकालानंतर स्टर्जन ह्यांनी पुढची सार्वत्रिक निवडणूकच कौल मानू असे सुचवले होते. जुलै २०२४ मध्ये ती झाली तेव्हा त्यांचा पक्ष ५७ पैकी ९ जागांवर आला. त्याआधीच त्या पदावरून दूर झाल्या होत्या.

म्हणून स्वातंत्र्याची भावना ओसरली काय? मतचाचण्या तसे सांगत नाहीत. २०१६ नंतरच्या वर्षांत दोन्ही बाजू पन्नाशीच्या आसपास घुटमळत राहिल्या आणि तरुणांत होकार अधिक, वृद्धांत नकार अधिक हे चित्र कायम राहिले. पक्ष आणि ध्येय ह्यांची लोकप्रियता एकाच दोरीने बांधलेली नाही.

ब्रेक्झिटने स्वातंत्र्याची ओढ वाढवली, पण त्याच ब्रेक्झिटने स्वातंत्र्य अधिक कठीण करून ठेवले, आणि स्वातंत्र्यवादी मित्र हे मोकळेपणी बोलत नाहीत अशी माझी तक्रार आहे. २०१४ मध्ये दोन्ही देश एकाच युरोपीय बाजारपेठेत राहतील ही अपेक्षा होती. सीमेवर नाके बसवण्याचा प्रश्न नव्हता. आता स्वतंत्र स्कॉटलंड युरोपीय संघात गेला तर सॉल्वेच्या खाडीपासून ट्वीड नदीच्या परिसरापर्यंतची सुमारे दीडशे किलोमीटरची रेषा ही संघाची बाह्य सीमा होईल. माणसांची ये-जा आयर्लंडप्रमाणे मोकळी ठेवता येईल, पण मालाची तपासणी टळणार नाही. आणि स्कॉटलंडमधून बाहेर जाणाऱ्या मालाचा व सेवांचा सुमारे तीन पंचमांश भाग उर्वरित ब्रिटनमध्येच जातो. चलनाचा तिढा वेगळाच. पौंड वाटून घेऊ देणार नाही असे लंडनने २०१४ मध्येच बजावले होते. संघप्रवेशाला सर्व सदस्यराष्ट्रांची संमती लागते, आणि कॅटलोनियाच्या चिंतेत असलेल्या स्पेनसारख्या देशाचे समाधान फक्त संमतीने, कायदेशीरपणे झालेल्या विभाजनानेच होऊ शकते. १ ऑक्टोबर २०१७ ला कॅटलोनियाने परवानगीवाचून मतदान घेतले, त्याचे काय झाले ते जगाने पाहिले. एडिंबरोने ती वाट धरली नाही, ह्यात मला भ्याडपणा दिसत नाही.

राहता राहिला तो दाराचा प्रश्न. उत्तर आयर्लंडसाठी ब्रिटिश संसदेने १९९८ मध्येच नियम लिहून ठेवला आहे. तेथील बहुमत आयर्लंडच्या एकीकरणास अनुकूल होईल असे दिसू लागल्यास संबंधित मंत्र्याने कौल घ्यावयाचा, आणि दोन कौलांत किमान सात वर्षांचे अंतर ठेवावयाचे. म्हणजे त्याच राज्यात, त्याच वर्षीच्या कायद्यांत, एका प्रदेशासाठी 'पिढी' सात वर्षांची ठरली आणि दुसऱ्यासाठी तिचा उल्लेखच झाला नाही. उत्तर आयर्लंडमागे रक्तपाताचा इतिहास होता, स्कॉटलंडची चळवळ मतपेटीबाहेर गेली नाही. तेव्हा शांततेने वागलेल्यालाच नियम मिळाला नाही, हे मला खटकते. माझे मत विचाराल तर नियम लिहिला जावा, आणि तो कडक असावा. १९७९ ची ४० टक्क्यांची अट मागाहून लादल्यासारखी वाटली म्हणून ती कडवट ठरली. तीच आधी, उभयपक्षी ठरवून घातली असती तर कदाचित नसती. ५१.९ टक्क्यांवर एवढा मोठा संसार मोडल्याचे फळ ब्रिटनने एकदा चाखलेले आहे. कौल किती वर्षांनी, किती पाठिंब्यावर आणि कोणत्या शब्दांत घ्यावा, ह्यांपैकी एकही गोष्ट स्कॉटलंड कायद्यात लिहिलेली नाही, आणि २०१४ मध्ये सोळाव्या वर्षी प्रथम मत दिलेली मुले २०२४ मध्ये सव्वीस वर्षांची झाली.