शहर चालतं कसं? (लेखांक ९) : शेवटच्या बसपासून पहिल्या बसपर्यंत

मागच्या आठवड्यात आपण वेळापत्रक कसं बांधतात ते पाहिलं. रात्री बस डेपोत शिरते आणि पहाटे बाहेर पडते, या मधल्या पाच-सहा तासांचा त्यात उल्लेखही नसतो. प्रवाशाला त्याच्याशी काही देणंघेणंही नसतं. पण सकाळी साडेपाचची बस साडेपाचलाच सुटली, तर त्याचं श्रेय बहुतेक वेळा याच तासांना असतं. आजचा लेखांक त्यांच्याबद्दल आहे. नवा डेपो बांधायचा म्हणजे या तासांची सोय लावायची.

विषय सध्या बऱ्याच महापालिकांच्या टेबलावर आहे. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली : १०,००० इलेक्ट्रिक बस, अंदाजे ५७,६१३ कोटींचा खर्च, त्यातले २०,००० कोटी केंद्राचे. बस कंत्राटदाराने आणायची आणि चालवायची, शहराने त्याला किलोमीटरमागे पैसे मोजायचे, केंद्राने दहा वर्षं हातभार लावायचा. डेपो आणि त्यासाठी लागणाऱ्या विजेच्या कामांनाही योजनेत मदत आहे. कोल्हापूरच्या केएमटीला १०० बस मंजूर झाल्या, राज्यातल्या इतर शहरांनाही वाटा मिळाला. बातम्यांत प्रश्न एकच असतो, बस कधी येणार? त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न असा, की आलेल्या बस रात्री उभ्या कुठे राहणार?

समजा, १०० बसचा एक डेपो कागदावर उभा करायचा आहे. पहिला प्रश्न जागेचा. जागा म्हटलं की महापालिकेत आधी क्षेत्रफळावर चर्चा होते, अंतरावर क्वचित. बस डेपोतून निघून पहिल्या थांब्यापर्यंत जाते आणि रात्री शेवटच्या थांब्यावरून परत येते, तो प्रवास रिकामा असतो. खात्यात त्याला ‘डेड किलोमीटर’ म्हणतात. डेपो मार्गांपासून सरासरी आठ किलोमीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन बसमागे १६, शंभर बसचे दिवसाला १,६०० आणि वर्षाला ५ लाख ८४ हजार किलोमीटर होतात. किलोमीटरला ६० रुपये धरले, तर दरवर्षी साडेतीन कोटी रुपये रिकाम्या बस फिरवण्यात जातात. तेही चालकांची दुपारची बदली मार्गावरच होते असं गृहीत धरून. बदलीसाठी बस डेपोत आणावी लागली तर आकडा दुप्पट. गावाबाहेरची ‘फुकट’ सरकारी जमीन अशी दरवर्षी आपलं भाडं वसूल करत राहते.

जुन्या शहरांचे डेपो या बाबतीत नशीबवान. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली. पुढे शहर उत्तरेकडे सरकत गेलं तशी कुलाबा, वडाळा, सांताक्रूझ, पोयसर, गोराई अशी आगारंही वस्तीबरोबर सरकली. पुण्यात स्वारगेटचा डेपो तर आज शहराच्या ऐन गर्दीत आहे. आज कोणी नव्याने तिथे डेपो मागितला, तर वेड्यात काढतील. म्हणून नव्या डेपोची जागा विकास आराखड्यात आरक्षण टाकून आधीच राखून ठेवावी लागते, आणि एका मोठ्या लांबच्या भूखंडापेक्षा शहराच्या दोन टोकांना दोन मध्यम भूखंड मिळाले तर ते घ्यावेत, असं माझं मत आहे. इमारतीचा खर्च वाढतो, पण तो एकदाच करायचा असतो.

जागेचं दुसरं दुखणं पाण्याचं. आरक्षणाला कोणाला नको असलेली जमीन पटकन मिळते, आणि ती नदीकाठची, सखल असते. आपल्याकडे पाटबंधारे खातं नदीला निळी रेषा आणि लाल रेषा आखतं. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. कोल्हापूर-सांगलीकरांना २०१९ आणि २०२१ नंतर या रेषा तोंडपाठ झाल्यात. दिल्लीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तिथे यमुनेच्या पूरक्षेत्रात सुमारे हजार बसचा मिलेनियम डेपो बांधला. जगातल्या सर्वांत मोठ्या डेपोंपैकी एक अशी त्याची जाहिरात झाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने २०१२ मध्ये तो तिथून हलवायला सांगितलं, आणि पुढे कित्येक वर्षं तारखांवर तारखा पडत राहिल्या. डिझेलची बस पाण्यात गेली तर ती दुरुस्त तरी होते. चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर पाण्यात गेले, तर दुसऱ्या दिवशी सगळ्याच बस जागेवर.

जागा ठरली की आराखडा. इथे वास्तुविशारदाने आधी घड्याळ पाहावं आणि मग पेन्सिल उचलावी. शंभरपैकी बहुतेक बस रात्री दहा ते बाराच्या दरम्यान परत येतात, म्हणजे फाटकातून जवळपास मिनिटाला एक. फाटकावर नोंद, वाहकाचा रोकड-हिशेब आणि तिकिटाचं मशीन जमा, मग इंधन, धुणं, तपासणी आणि शेवटी उभं राहण्याची जागा. हे सगळं एकाच दिशेने, एकामागून एक घडलं पाहिजे. बसला कुठेही मागे यावं लागू नये, हा डेपोच्या नकाशाचा पहिला नियम. १२ मीटरची बस वळताना बाहेरच्या बाजूने सुमारे १२ मीटरच्या त्रिज्येची जागा खाते. त्यामुळे कागदावर भरपूर दिसणारा भूखंड उभा करायच्या बस मोजल्या की निम्म्याने आक्रसतो.

धुण्याचं गणित एकदा मांडून पाहा. ब्रशच्या यंत्रातून एक बस जायला चार मिनिटं लागली, तर तासाला पंधरा बस होतात आणि शंभरांना पावणेसात तास लागतात. पहिली बस निघायची वेळ होते तरी शेवटची भिजतच असते. मग एक तर दोन यंत्रं घ्यायची, नाही तर रोज निम्म्याच बस धुवायच्या आणि बाकीच्या आतून झाडून सोडायच्या. यांतलं काय करायचं हे आधी ठरलं नाही, तर रांग फाटकाबाहेर मुख्य रस्त्यावर येते. दहा बसची रांग म्हणजे जवळजवळ दीडशे मीटर. शेजारच्या सोसायटीची पहिली तक्रार नेमकी त्यावरच असते.

तपासणीचा खड्डा मात्र प्रत्येकाने एकदा तरी पाहावा. माणूस मान न वाकवता उभा राहील इतका खोल, दोन्ही चाकांच्या मध्ये मावेल इतका अरुंद, भिंतीत जाळीमागे कमी व्होल्टेजचे दिवे. चालकाने रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं : ‘ब्रेक कमी’, ‘डावीकडे ओढते’, ‘मागून आवाज’. खालचा मेकॅनिक टॉर्च फिरवत ब्रेकची नळी, स्प्रिंगचे पाटे, एअर बेलो पाहत पुढे सरकतो. वरचा दुसरा हातोडी घेऊन चाकाच्या एकेका नटावर टकटक करत जातो. घट्ट नट खणखणीत वाजतो, सैल बद्द. कान तयार झालेला माणूस एका बसला दोन मिनिटं घेतो. या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साचलं तर सगळं संपलंच, त्यामुळे त्याला स्वतःचा निचरा आणि पंप लागतो. ते पाणी तेलकट असतं, ते थेट गटारात सोडता येत नाही. आधी तेल वेगळं काढावं लागतं आणि वापरलेलं तेल अधिकृत प्रक्रियादारालाच द्यावं लागतं. २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम तसं सांगतात.

आता विजेकडे. डेपोच्या नियोजनात गेल्या दहा वर्षांत सगळ्यात मोठा बदल झाला तो इथे. पुण्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये इलेक्ट्रिक बस सुरू झाल्या आणि भेकराईनगर, निगडीच्या डेपोंत चार्जर बसले, तेव्हापासून पीएमपीच्या माणसांना डिझेलच्या टाकीइतकीच रोहित्राचीही काळजी करावी लागते. हिशेब असा. वातानुकूलित १२ मीटर बसला किलोमीटरला सव्वा युनिट धरू. दिवसाला २०० किलोमीटर म्हणजे २५० युनिट. शंभर बसचे २५,००० युनिट, आणि भरायला हातात पाच तास. म्हणजे पाच मेगावॉटचा भार, रोज रात्री, अखंड. एवढी वीज रस्त्यावरच्या डीपीतून मिळत नाही. तिला उच्चदाबाची स्वतंत्र वाहिनी, डेपोत उपकेंद्र आणि मधल्या प्रत्येक रस्त्याच्या खोदाईची परवानगी लागते. शेड सहा महिन्यांत उभी राहते, केबलला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून विजेचा अर्ज भूमिपूजनाच्या आधी गेला पाहिजे. नारळ फुटल्यावर केबलचा विचार सुरू झाला, तर नव्या बस नव्या डेपोत धूळ खात उभ्या राहतात.

चार्जर किती आणि केवढे, हा त्यातला सगळ्यात रंजक वाद. २४० किलोवॉटचा दोन गनचा चार्जर दोन बसना प्रत्येकी १२० किलोवॉट देतो, म्हणजे दोन तासांत बस भरते. सहा तासांत तीन फेऱ्या, एका चार्जरवर सहा बस, सतरा चार्जरमध्ये काम झालं. कागदावर झकास. पण रात्री एक आणि तीन वाजता भरलेल्या चौतीस-चौतीस बस काढून रिकाम्या तिथे लावायला माणसं लागतात. डेपोच्या भाषेत शंटिंग. अंधारात, झोपेच्या वेळी, चार इंच अंतरावर उभ्या असलेल्या बसमधून बस काढायची. आरसे फुटतात, पत्रे घासतात. उलट, प्रत्येक बसला कमी क्षमतेची स्वतःची गन दिली, तर रात्रभर कोणाला हलायला नको. खर्च जास्त, पण रात्र शांत जाते. निविदा लिहिणारे लोक पहिला मार्ग निवडतात, कारण शंटिंगचा पगार दुसऱ्या रकान्यात असतो.

त्यात दरांचा नवा पेच. रात्रीची वीज स्वस्त, हे समीकरण आता तसं राहिलेलं नाही. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल करून उन्हाच्या तासांतली वीज स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांतली महाग, असं धोरण आणलं. बस तर दिवसा रस्त्यावर. मग दुपारी बारा ते चार, जेव्हा गर्दी कमी असते आणि तसाही काही बसना आराम असतो, तेव्हा अर्ध्या तासाचं चार्जिंग करून घ्यायचं. त्यासाठी डेपो मार्गाजवळ हवा. म्हणजे फिरून प्रश्न जागेवरच येतो.

इलेक्ट्रिक बसने कामाची जागाही बदलली. पूर्वी मेकॅनिकचा बहुतेक वेळ बसच्या खाली जायचा. आता एसी आणि बऱ्याच मॉडेलांमध्ये बॅटऱ्याही टपावर असतात. लो-फ्लोअर सीएनजी बसचे सिलिंडरही तिथेच. सव्वातीन मीटर उंच बसच्या टपावर माणसं सुरक्षितपणे उभी राहावीत म्हणून कठड्याचा माचा, वर सामान उचलायला क्रेन, आणि त्या सगळ्याला पुरेल इतकी उंच शेड हवी. सीएनजी असेल तर छपराखाली हवा खेळती लागते, कारण हा वायू हवेपेक्षा हलका, गळला की वर साचतो. जुन्या शेडचं छप्पर ‘नूतनीकरण’ करून यातलं काही साधत नाही.

फरशी काँक्रीटचीच हवी. भरलेली बस १८ टनांच्या आसपास असते आणि वळताना चाकं रस्ता खरवडतात. शिवाय डिझेल सांडलं की डांबर विरघळतं.

माणसांची गोष्ट आराखड्यात शेवटी येते आणि म्हणून चुकते. दोन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, रजा धरल्या तर एका बसला अडीच चालक लागतात, म्हणजे शंभर बसचे अडीचशे, जवळपास तेवढेच वाहक. पहाटे साडेचारला ड्युटीवर येणाऱ्याला बस मिळत नाही, कारण पहिली बस तोच काढणार असतो. तो दुचाकीवर येतो. अडीचशे दुचाकींची जागा न सोडलेला डेपो सकाळी आपल्याच फाटकात अडकतो. रात्री उशिरा सुटलेल्यांना झोपायला खोली, महिला वाहक-चालकांना स्वतंत्र स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची जागा, मध्यरात्री चालू असलेलं उपाहारगृह : या गोष्टींवर काटछाट झाली की तिची किंमत गैरहजेरीत मोजावी लागते.

डेपो कोणाचा, हेही आधीच ठरवावं. सिंगापूरने २०१५ मध्ये सुमारे ५०० बसचा बुलिम डेपो सरकारी पैशाने बांधला आणि निविदा जिंकणाऱ्या कंपनीला चालवायला दिला. कंपनी बदलली तरी डेपो जागच्या जागी. आपल्याकडे भाडेकरारावरच्या बस वाढताहेत, तेव्हा जमीन, खड्डे आणि वीजजोड हे शहराच्याच नावावर राहिले पाहिजेत. नाही तर दहा वर्षांनी करार संपताना जुन्या कंत्राटदाराशिवाय कोणाकडे डेपोच नसतो, आणि दर तो ठरवतो.

राहिला मजल्यांचा मोह. मोक्याच्या जागेवर डेपोच्या डोक्यावर व्यापारी संकुल बांधून पैसा उभा करावा, असा प्रस्ताव प्रत्येक तोट्यातल्या परिवहन उपक्रमापुढे येतो. माझा त्याला विरोध नाही, पण खांबांची जागा आधी बसच्या वळणाने ठरली पाहिजे. मोटारींच्या वाहनतळाला आठेक मीटरवरचे खांब चालतात, १२ मीटरच्या बसला ते चालत नाहीत. दुकानांचा नकाशा आधी आणि डेपो त्याखाली कोंबलेला, असं झालं की शंभर बसच्या जागेत साठ मावतात आणि उरलेल्या चाळीस रात्रभर रस्त्याकडेला उभ्या राहतात.

अशा भूखंडांवरचं आरक्षण बदलायचं असेल तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध करावी लागते. ती वर्तमानपत्रात बारीक टायपात, टेंडरांच्या गर्दीत येते. ‘बस डेपो’ हे शब्द त्यात दिसले तर कात्रण ठेवा. हरकत नोंदवायला मुदत एक महिन्याची असते, अर्जाला वकील लागत नाही, आणि भूखंडाचा सर्व्हे नंबर बरोबर लिहिलेला असला म्हणजे पुरतं.

(पुढील आठवड्यात : टायर, त्यांचं रिमोल्डिंग आणि बस रस्त्यात बंद का पडते)